दोन तासांच्या आतला किनारा

अर्धमॅरेथॉनची शर्यत संपवून मी घरी पोहोचले तेव्हा ऊन गॅलरीत उतरले होते. गळ्यात पदक होते, छातीवरचा बिब, म्हणजे शर्यतीच्या क्रमांकाचा कागद, तसाच होता आणि गडद निळ्या टी-शर्टवर वाळलेल्या घामाने मिठाच्या पांढऱ्या रेघा काढल्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. माझी वेळ त्यांना फोनवरून आधीच कळली होती. "दोन तासांच्या आत आलीस म्हणे. शाब्बास, सूनबाई," ते म्हणाले, आणि रोज सकाळी विचारतात त्याच स्वरात त्यांनी पुढे विचारले, "आणि पाखरं किती होती आज?" मी सांगायला तोंड उघडले, आणि सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. पाखरे होती. माझ्या डोक्यावरूनच गेली होती. त्यांचा आवाज मी नीट ऐकला होता. पण ती किती होती, कोणत्या अंगाला गेली, थवा सलग होता की तुटक, यातले काहीही मला माहीत नव्हते. "पाहिली नाहीत," मी म्हणाले. "असू दे, आज शर्यत होती," असे म्हणून अण्णा पुन्हा वाचू लागले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या मनात मात्र तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस सलत राहिला.

अण्णा मूळचे हर्णैचे. नोकरीसाठी मुंबईत आले, आणि सिडकोने ठाणे खाडीच्या या बाजूला नवे शहर वसवायला घेतल्यावर नेरूळला घर घेऊन कायमचे इथले झाले. पण समुद्राचे वेळापत्रक त्यांच्या अंगातून कधी गेले नाही. आजही उठल्यावर ते प्रथम कालनिर्णय पाहतात, तिथी वाचतात आणि तिची पाऊणपट करतात. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीला तीनने गुणायचे आणि चाराने भागायचे, की पूर्ण भरतीची वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे पडते, म्हणून हे गणित जमते. छापील तक्त्यातली वेळ याहून थोडी पुढेमागे असते, पण होडी पाण्यात लोटणाऱ्या माणसाला एवढा अंदाज पुरतो. गुडघे दुखू लागल्यापासून अण्णांचे खाडीवर जाणे थांबले आहे, आणि आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारती दिसतात, पाणी दिसत नाही. मी खाडीकाठच्या पाम बीच रस्त्यावर धावू लागल्यापासून खाडीची बातमी त्यांच्यापर्यंत मी नेते. पाणी कुठवर चढले होते, चिखल किती उघडा पडला होता, सारसोळ्याच्या जेट्टीवरून होड्या निघाल्या होत्या का, आणि थंडी सुरू झाली की रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, किती उतरले. ते ती बातमी पेन्सिलीने कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात टिपून ठेवतात.

पाम बीच रस्ता ज्यांनी फक्त गाडीतून पाहिला आहे, त्यांना तो दोन टोकांमधले अंतर लवकर कापून देणारा एक रुंद, सरळ पट्टा वाटतो. पहाटे साडेपाचला तो वेगळा असतो. एका बाजूला झोपलेल्या इमारती, दुसऱ्या बाजूला तिवरांचा काळोख, आणि मधून धावणाऱ्यांच्या बुटांचा एकसारखा, दबका आवाज. दिव्यांच्या उजेडात रस्ता कोरडा दिसतो, पण कठड्याला हात लावला तर तो दमट आणि किंचित चिकट लागतो. ओहोटीला खाडीचा वास पुढे येतो. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात जिवाणू जो वायू तयार करतात त्याचा तो वास आहे. नवख्या माणसाला तो कुजका वाटतो आणि तो नाकाला रुमाल लावतो. मला तो आता आवडतो असे म्हणणे थोडे धाडसाचे होईल, पण तो आला नाही तर मला चुकल्यासारखे वाटते, आणि त्याच्या कमीअधिक तीव्रतेवरून पाणी कुठे असेल हे मी न पाहता सांगू शकते. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून बोटभर वर आलेली असतात. भरतीत ती बुडतात, ओहोटीत पुन्हा उघडी पडतात, आणि त्यांच्यामधून खेकड्यांची लगबग सुरू होते. हे सगळे धावता धावता दिसते, मात्र त्यासाठी धावणे एका विशिष्ट संथपणाचे असावे लागते. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतक्या गतीला डोळे मोकळे राहतात.

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. परीक्षेत त्यांची आकृती काढून बाण दाखवायचे आणि विसरून जायचे, एवढाच माझाही त्यांच्याशी संबंध होता. या रस्त्यावर ते मला त्वचेवर भेटले. जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. बेलापूरहून वाशीकडे धावताना तो पारसिकच्या डोंगराच्या बाजूने येऊन उजव्या गालाला लागतो. सूर्य वर आला की जमीन तापू लागते, आणि उन्हे चढल्यानंतर वारा उलटून खाडीकडून येऊ लागतो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये एक निर्वात काळ असतो. फेब्रुवारीत तो साधारण साडेसातच्या पुढे सुरू होतो. पाने हलत नाहीत, हवा दमट असते, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. धावण्याची गती तीच ठेवली तरी नाडी हळूहळू चढत जाते, कारण स्नायूंना लागणाऱ्या रक्तातला वाढता वाटा त्वचेकडे वळवावा लागतो. इथल्या अर्धमॅरेथॉनचे शेवटचे पाच किलोमीटर नेमके या वेळेत येतात. खाडीकाठी धावायचे म्हणजे गार वारा असणारच, असे बाहेरून येणाऱ्यांना वाटते. इथले लोक पहाटेच्या वाऱ्याचा जमेल तेवढा उपयोग करून घेतात आणि पुढे तो नसणार हे गृहीत धरतात.

आणि पक्षी. नवी मुंबई ज्या सखल भूमीवर उभी आहे तिचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली होता, म्हणून शहर आखताना भरतीचे पाणी अडवणारे बांध घातले गेले आणि पावसाचे पाणी भरतीच्या वेळात साठवून ठेवणारे तलाव केले गेले. या तलावांच्या तोंडाशी झडपांची दारे असतात. बाहेरचे पाणी चढले की ती दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी खाडीत जाऊ देतात. असे तलाव आणि पाम बीचच्या पश्चिमेच्या पाणथळ जागा पक्ष्यांनी आपल्याशा केल्या. रोहित चिखलात चरतात. निळे-हिरवे शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचे अन्न, आणि त्यांचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. भरतीत खाडीचा चिखल बुडाला की उभे राहायला जागा उरत नाही, तेव्हा ते नेरूळ-सीवूड्सच्या तलावांत येऊन विसावतात, आणि ओहोटी लागली की पुन्हा खाडीकडे निघतात. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण खाडी राखली आणि हे तलाव गेले, तर भरतीच्या त्या काही तासांत पक्ष्यांनी जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. तलाव वाचावेत म्हणून इथल्या नागरिकांनी रस्त्यावर मानवी साखळ्या केल्या आहेत. आमच्या धावणाऱ्यांच्या गटातलेही अनेकजण त्यांत उभे होते, आणि मला त्याचे फार समाधान वाटते. ज्या रस्त्याने आपल्याला दम दिला, त्याच्या कडेच्या पाण्याची जबाबदारी आपल्यावर येते असे मी मनापासून मानते.

आता वेळेविषयी. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते, आणि माझ्यासारख्या, नोकरी व घर सांभाळून चाळिशीनंतर धावायला लागलेल्या माणसाला दोन तासांच्या आत ती पूर्ण करणे ही एक खरी सीमारेषा वाटते. त्यासाठी दर किलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंदांत धावावा लागतो, आणि तसे केले तर शेवटी जेमतेम सहा सेकंद शिल्लक राहतात. प्रत्यक्षात याहूनही थोडे वेगाने जावे लागते. प्रमाणित शर्यतीचा मार्ग धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, वळणावर कठड्यापासून अवघ्या ३० सेंटिमीटरवरून; आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. गर्दीत ती रेषा कोणालाच मिळत नाही. प्रत्येक वळण थोडे बाहेरून घेतले जाते, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जावे लागते, आणि घड्याळात शेवटी एकवीस किलोमीटरच्या वर बरेच काही उमटते. म्हणून घड्याळातली गती ५:३८ किंवा ५:३९ दिसत असेल तरच दोन तासांची आशा धरायची, असे आमच्या गटाला शिकवणारे सर पहिल्यापासून बजावत आले आहेत. त्यांचे दुसरे सांगणे असे की शेवटचे पाच किलोमीटर पायांनी जेवढे धावायचे तेवढेच नजरेनेही धावायचे. पुढे कोणीतरी योग्य गतीने जात असतो. त्याच्या पाठीवर नजर रोवायची आणि ती हलू द्यायची नाही. डोळे भटकले की खांदे सैलावतात, पावलांची लय तुटते, आणि तुटलेली लय त्या टप्प्यावर परत मिळत नाही.

मी हे सांगणे अनेक महिने गिरवले. मंगळवारी ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाच्या कडेने वेगाच्या फेऱ्या, गुरुवारी शर्यतीच्या गतीने काही अंतर, रविवारी लांबचे धावणे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत घड्याळाकडे लक्ष असे, त्यामुळे अण्णांना सांगायला फारसे काही नसे, रविवारी असे. रविवार हा माझा पाहण्याचा वार झाला होता. पंधरा-सोळा किलोमीटर संथपणे जाताना एकदा ओहोटीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांची अशी दाट रांग दिसली की किनाऱ्याची कडच गुलाबी भासत होती. एकदा धुक्यात फक्त आवाज होता आणि पक्षी नव्हते. एकदा दिवाळे गावाच्या बाजूला जाळी सुकत घातलेली, आणि शेजारी ओट्यावर बसून एक आजी कोलंबी सोलताना दिसल्या. हे मी घरी येऊन सांगे, आणि अण्णा मधूनमधून प्रश्न विचारून ते अधिक नेमके करून घेत. "वारा होता का?" "होता, पण आठच्या आधीच पडला." "मग पाणी उतरत असणार." तिथे संभाषण संपे.

शर्यतीच्या दिवशी पंचमी होती. पावणेचारला भरती पूर्ण होऊन गेली असणार, हे मी अण्णांच्या हिशोबाने काढले होते, म्हणजे आम्ही परतीच्या वाटेवर असू तेव्हा पाणी निम्म्यावर उतरलेले असेल. महापालिका मुख्यालयाच्या घुमटावर अजून दिव्यांचा उजेड होता. सहा वाजता भोंगा झाला, पायांखालून वेळ नोंदवणाऱ्या चिपची चटई चिरचिरली आणि आम्ही निघालो. आधी बेलापूरच्या आतल्या रस्त्यांवरून एक फेरा आणि मग पाम बीच. पहिल्या टप्प्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. तो चांगला गेला. वारा उजव्या गालावर होता, गती ५:३८ च्या आसपास स्थिर होती, आणि कोणालातरी ओलांडण्याचा मोह मी आवरला. सानपाड्याच्या बाजूच्या वळणावर लेझीमचे पथक होते. लहान मुली होत्या, थंडीत स्वेटर घालून आल्या होत्या आणि मनापासून खेळत होत्या. त्यांचा ताल माझ्या पावलांपेक्षा किंचित संथ होता, म्हणून मी तो कानांआड करत पुढे गेले. एका गृहसंकुलाच्या फाटकाशी बायका संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभ्या होत्या. "ताई, घ्या, घ्या," म्हणत त्या चार पावले बरोबर धावल्या. ती फोड तोंडात फुटली तेव्हाची चव अजून आठवते: आधी थंड, मग गोड, मग मिठाची धार.

सूर्य इमारतींच्या वर आला आणि वारा पडला. अपेक्षेपेक्षा तो थोडा लवकरच पडला. पंधराव्या किलोमीटरनंतर कानशिले तापू लागली, पाण्याचा पेला डोक्यावर ओतला तरी पुढच्या शंभर पावलांत गारवा नाहीसा होऊ लागला. माझ्या पुढे नारिंगी टी-शर्टातला एक तरुण होता. त्याची गती मला हवी तशीच होती. मी त्याच्या पाठीवर नजर ठेवली. त्या पाठीवर घामाचा एक त्रिकोण होता आणि तो प्रत्येक पावलाबरोबर डावी-उजवीकडे सरकत होता. त्या वेळी जगात पाहण्यासारखे तेवढेच होते. रस्त्याच्या दोन्ही कडा मला जाणवत होत्या, दिसत नव्हत्या. श्वास दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. मांड्यांमध्ये ती ओळखीची जडता भरत होती, आणि किलोमीटरच्या पाट्यांमधले अंतर लांबत चालले आहे असे वाटू लागले होते.

साडेसतरा किलोमीटरच्या सुमारास तो आवाज आला.

रोहितांचा आवाज त्यांच्या रूपाशी जुळत नाही. तो बदकांसारखा घोगरा, एकमेकांत मिसळलेला, काहीसा गजबजलेल्या बाजाराच्या दुरून येणाऱ्या गोंगाटाच्या जवळ जाणारा असतो. तो उजवीकडून, तलावाच्या अंगाने आला, वर आला, आणि मग थेट डोक्यावर होता. आजूबाजूला कोणीतरी "अरे, बघ बघ" म्हणाले. रस्त्यावरून सावल्या सरकल्या. त्या मी पाहिल्या, कारण त्या त्या पाठीवरून गेल्या. आणि मग ती पाठच बाजूला झाली. तो तरुण मान वर करून कडेला सरला होता, त्याची पावले मंदावली होती. मी त्याच्या शेजारून पुढे गेले. पुढे आणखी एक पाठ होती, पांढरी. मी तिच्यावर नजर ठेवली. आवाज मागे, खाडीकडे विरत गेला. सुई ओवत असताना कोणी हाक मारली तर ती ऐकू येते, पण दोरा पार होईपर्यंत तोंडातून ओ निघत नाही. तसे काहीसे माझे झाले होते. मान वर करायची नाही असा निश्चय मी त्या क्षणी केला, असेही म्हणता येणार नाही. निश्चय आधीच्या कितीतरी मंगळवार-गुरुवारांनी करून ठेवला होता आणि त्या क्षणी मान आपोआप स्थिर राहिली.

शेवटचा किलोमीटर मला तुकड्यांत आठवतो. कठड्याच्या जवळून वळण घेतल्याचे आठवते. घड्याळ न पाहण्याचे ठरवल्याचे आणि तरी पाहिल्याचे आठवते. कमानीखालून जाताना हात वर करायचे विसरले, आणि मग थांबले तेव्हा पाय थरथरत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते, ज्याचे कारण मला तेव्हा कळले नाही आणि आजही पुरते सांगता येणार नाही. चिपची वेळ आली: १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद. माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम. बारा सेकंद. कोणीतरी खांद्यावर हात ठेवला, कोणीतरी केळे दिले. थोड्या वेळाने तो नारिंगी टी-शर्टातला तरुण लंगडत आला. त्याच्या पोटरीत शेवटच्या दोन किलोमीटरांत गोळा आला होता आणि त्याची वेळ दोन तासांच्या पुढे गेली होती. त्याला त्याची हळहळ होती, खरी हळहळ, त्याने दोनदा बोलून दाखवली. पण मधेच त्याचा चेहरा उजळला. "ताई, काय थवा होता तो! इतका खाली मी कधी पाहिला नव्हता. पंखांच्या आतला लाल रंग दिसत होता. तुम्ही पाहिलात ना?" मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. माझे अभिनंदन करून तो फिजिओच्या तंबूकडे गेला.

त्यानंतरच्या दिवसांत मी तो हिशोब पुन्हापुन्हा केला. मान वर करून शंभर पावले जरा मंद धावले असते, तर एक, फार तर दोन सेकंद गेले असते. माझ्याजवळ बारा होते. आकडे असे सांगतात की मला दोन्ही मिळू शकले असते. पण ते बारा सेकंद शिल्लक राहतील हे साडेसतराव्या किलोमीटरला कोणालाच ठाऊक नव्हते, आणि माझी खात्री आहे की प्रश्न त्या दोन सेकंदांचा नव्हताच. लक्ष एकदा सुटले असते तर जडता जाणवली असती, उकाडा जाणवला असता, आणि उरलेले साडेतीन किलोमीटर खरोखर साडेतीन किलोमीटर वाटले असते. ती वेळ न पाहण्यातून मिळाली, हे मला मान्य करावे लागते. मला तिचा आनंद आहे. त्या आनंदात काहीतरी रिकामे राहिले आहे, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

मी थोरांचाही विचार केला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत हेच अंतर १ तास ३० सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला, एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. म्हणजे किलोमीटरला २ मिनिटे ५२ सेकंद. मी निम्म्या वाटेवर असताना त्याची शर्यत संपते. त्या गतीने जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना काय दिसत असेल, याचे मला विलक्षण कुतूहल वाटते. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर धावत-चालत गेलेल्या मुलाच्या अंगात वाटेवरची किती झाडे, किती चढ, किती उन्हे मुरली असतील, आणि दिल्लीच्या त्या थंड सकाळी त्यातले काय कामाला आले असेल? पायांत साठलेली वाट वेळपत्रकावर कुठे छापली जात नाही.

हा विचार मनात येण्याला अण्णांचे कालनिर्णय कारण झाले. एका संध्याकाळी पान उलटताना मी शर्यतीच्या दिवसाचा चौकोन पाहिला. "पंचमी. भरती ३.४५," त्याखाली "सूनबाई १.५९.४८," आणि त्याखाली काही नव्हते. मग मी मागची पाने चाळत गेले. "वारा आठच्या आधी पडला." "चिखल उघडा, वास फार." "पाखरं दोनशेवर, दक्षिणेकडे." "धुके. आवाज फक्त." "आज दमून आली, उकाडा." माझ्या घड्याळात त्याच सर्व रविवारांची नोंद आहे, गती, नाडी, अंतर, ती मी अनेकदा पाहिली आहे. पण त्या पानांवर मला माझा सराव पहिल्यांदा पूर्ण दिसला. वारा लवकर पडतो हे मला शर्यतीच्या दिवशी घाबरवू शकले नाही, कारण ते मी आधी पाहिले होते, घरी येऊन सांगितले होते, आणि सांगताना ते माझ्यात पक्के झाले होते. पाणी उतरत असताना दमटपणा कसा लागतो, कोणत्या छोट्या पुलावर चढ जाणवत नाही पण पाय जड होतात, सूर्य कोणत्या इमारतीमागून बाहेर येतो, हे सगळे त्या दोन तासांत मी न पाहता वापरले. वेळेच्या त्या आकड्यात अण्णांच्या प्रश्नांचा वाटा आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग पुढच्या वेळी बघ."

पुढच्या वर्षी मी वेळेसाठी धावणार नाही. पेसर म्हणून नाव दिले आहे, दोन तास पंधरा मिनिटांच्या गटासाठी. पेसरने हातात वेळेचा झेंडा धरून पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत ठरलेल्या गतीने जायचे असते, म्हणजे मागे येणाऱ्यांना घड्याळ पाहावे लागत नाही. किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद होतात. माझ्या श्वासाला त्या गतीत बोलता येते, सूचना देता येतात, आणि डोळे मोकळे राहतात. मी हिशोब मांडून ठेवला आहे: सतराव्या किलोमीटरपर्यंत दर किलोमीटरमागे दोन सेकंद वाचवले तर तलावाजवळ पोहोचेपर्यंत अर्ध्या मिनिटाहून थोडे जास्त शिल्लक पडते, आणि ते गटाने तिथे मान वर करून खर्च करायचे आहे, पक्षी असोत वा नसोत. गटात पहिल्यांदाच एकवीस किलोमीटर धावणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. त्यांना शेवटच्या पाच किलोमीटरांची भीती वाटते आणि ती रास्त आहे. वारा पडण्याआधीच्या टेबलावर पाणी पिण्याबरोबर डोक्यावरही घ्यायचे, हे मी त्यांना आतापासून सांगते आहे. पाऊस ओसरला की दर रविवारी सकाळी साडेपाचला सारसोळ्याच्या चौकात जमायचे ठरले आहे. पाण्याची बाटली प्रत्येकीने घरूनच आणावी, कारण त्या वेळी तिथे एकही दुकान उघडलेले नसते.